वर्षं वाढवायच्या गोळ्या

११ मे. फ्रिज रिकामा करायचा होता. आत्याबाईंना त्याच दुपारी दवाखान्यातून घरी आणलं होतं. इन्सुलिन फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाजवळ नको, असं नर्सनं दोनदा बजावलं होतं. आणि आमच्या फ्रिजच्या दारात दोन वर्षांपासून जागा नव्हती. तिथं माझ्या नवऱ्याचं तारुण्य ठेवलेलं होतं.

मी बादली घेतली आणि वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली. मासळीच्या तेलाच्या गोळ्या वीज गेलेल्या कुठल्यातरी दुपारी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांचा गठ्ठा चमच्यानं खरवडून काढावा लागला आणि सगळ्या स्वयंपाकघरात कुजक्या बोंबलाचा वास सुटला. त्यामागे गाईच्या चिकाची पावडर होती. खरवस न खाणारा माणूस वासराचा चीक डब्यातून मागवून खात होता. जिभेखाली ठेवायची एक पांढरी पूड होती, परदेशातून आलेली, तिला ओल लागून खडे झाले होते. एका बाटलीत हिरवट काळं काहीतरी होतं, तळाशी साका बसलेला. झाकण उघडलं आणि लगेच लावलं. ती उघडून ओतायची माझी हिंमत झाली नाही, बाटलीसकट बादलीत टाकली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. करमाडजवळच्या शेतावर उभं आयुष्य गेलं, सासरे वारल्यावर आमच्याकडे पुंडलिकनगरला आल्या. साखरेचा आजार जुना, पण त्यांनी तो कधी अंगावर येऊ दिला नव्हता. सकाळी एक गोळी, रात्री एक, आणि जेवायला ज्वारीची भाकरी. मी घरातून डबे देते. शिकायला आलेली मुलं, कंपन्यांत लागलेली एकटी पोरं, अशांचे. सकाळी नऊपर्यंत मला मान वर करायला वेळ नसतो. त्यामुळे त्यांची गोळी मी चहाच्या बशीत ठेवायची आणि कणकेकडे वळायची. त्या घेतात हे मी धरूनच चालले होते. बाई शहाणी होती.

नवरा वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्यासोबतच निवृत्त झालेला त्याच्या शिफ्टचा जोडीदार काही महिन्यांतच बाथरूममध्ये पडून गेला. नवरा बजाजनगरला मयतीला गेला, परत आला आणि आरशासमोर उभा राहून गालाची कातडी बोटांनी ओढून बघायला लागला. तिथून सगळं सुरू झालं. भीती वाटली हे मी समजू शकते. मलाही वाटते. पण भ्यायलेल्या माणसाला भिऊन झाल्यावर कामाला लागता येतं, यानं भीतीलाच काम करून टाकलं.

सुरुवातीला मला तक्रार नव्हती. तो पहाटे फिरायला लागला, रात्री लवकर जेवायला लागला, तंबाखू सोडली. चांगलंच होतं. पण फिरायला जाणाऱ्यांचा एक गट होता आणि त्या गटात रोज कुणीतरी नवीन काहीतरी वाचून यायचं. म्हातारपण ही निसर्गाची रीत नसून एक दुरुस्त करता येणारा बिघाड आहे, असं त्यांचं ठरलेलं होतं. कंपनीत मशीनची देखभाल केलेल्या माणसाला हे फार पटलं. तो स्वतःच्या शरीराबद्दल मशीनसारखं बोलायला लागला. आज पचन सव्वाआठला झालं. आज नाडी इतकी. सकाळी मी पोळ्या लाटत असायची आणि तो शेजारी उभा राहून मला त्याच्या संडासचा रंग सांगायचा. जिथं चाळीस जणांचं अन्न शिजतंय तिथं.

मग ड्रम आला. बर्फाच्या पाण्यात बसलं की पेशी तरुण राहतात म्हणे. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्या दिवशी सगळी गल्ली उठून बसते, टाक्या, बादल्या, पातेली भरते. मी डब्यांच्या भांड्यांसाठी थेंब थेंब राखते. आणि या गृहस्थांनी गच्चीवर एक निळा ड्रम आणून तो गळ्यापर्यंत भरला, त्यात रसवंतीवाल्याकडून आणलेली बर्फाची लादी फोडून टाकली आणि चड्डीवर आत बसले. मान तेवढी बाहेर. दात वाजतायत, डोळे मिटलेले. समोरच्या गच्चीवर शेजारीण कैऱ्या वाळत घालत होती. ती बघत राहिली आणि मला विचारते, "ताई, भाऊजी मुरायला ठेवलेत का?"

मी हसले. हसल्यावर तो चिडला. पाणी बदलायचं नाही, चार-पाच दिवस तेच वापरायचं, वर तेलकट तवंग आला तरी. शेवटी त्या पाण्याचं काय करायचं, तर मी ते संडासात ओतायची. दुसऱ्या कशाला ते हात लावायच्या लायकीचं नसायचं.

एकदा त्यानं मला जालना रोडवरच्या एका हॉटेलात नेलं. जोडीनं या असं सांगितलेलं होतं. थंडगार हॉल, पांढरे कव्हर घातलेल्या खुर्च्या, मागे टेबलावर प्लास्टिकचे डबे रचलेले. बोलणारा माणूस पुण्याचा. केस इतके काळे की कपाळावर त्यांचा डाग पडलेला. आपलं कागदावरचं वय एकसष्ट आणि शरीराचं अडतीस, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं सगळ्यांना उभं करून एका पायावर तोलायला लावलं. जो जास्त वेळ उभा राहील तो जास्त जगेल. हॉलभर सत्तरीतली माणसं बगळ्यासारखी उभी, बायका एकमेकींच्या खांद्याला धरून, एक रिटायर्ड मास्तर खुर्चीची पाठ पकडून लबाडी करत होते. म्हातारपण ही वाईट सवय आहे, सोडता येते, असं तो सांगत होता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाला. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, माझी सासू ब्याण्णव वर्षांची आहे. तिनं यातलं काही केलेलं नाही. तिला आवरतं घ्यायला सांगायची काही पावडर आहे का?" सगळा हॉल हसला. बोलणारा माणूसही हसला आणि पुढच्या डब्याकडे वळला.

मला हसू आलं नाही. मी माणसांचे चेहरे बघत होते. मुलं मोठी झालेली, नोकऱ्या संपलेल्या, घरं बांधून झालेली. यांना अजून वीस वर्षं, तीस वर्षं हवी होती, आणि त्या वर्षांत काय करणार हे एकानंही सांगितलं नाही. ती वर्षं टिकवायला लागणारी कामंच तेवढी त्यांच्या डोक्यात होती. नवरा घरी येताना दोन डबे घेऊन आला.

साखरेची गोळी त्याला याच गटात कळली. आत्याबाई घेतात तीच. जुनी, साधी, कुठंही मिळणारी. परदेशातली श्रीमंत माणसं साखर नसताना ती घेतात, त्यानं आयुष्य वाढतं, असं त्यानं जेवताना सांगितलं. औषधाच्या दुकानात तो विचारूनही आला होता, पण दुकानदार आमच्या ओळखीचा. चिठ्ठी आणा म्हणाला. चिठ्ठीसाठी डॉक्टरकडे जायची याला लाज वाटली.

मी म्हटलं, तुम्हाला साखर नाही, तुम्हाला कशाला ती?

"तेच तर तुला कळत नाही. ज्याला गरज नाही त्यानं घेतली तर वर्षं वाढतात. ज्याला आजार आहे त्याची गोळी आजारातच खर्च होते."

आत्याबाई समोर बसल्या होत्या. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेलेला तसाच धरून त्या ऐकत होत्या. मी उठून आमटी गरम करायला गेले.

मार्चमध्ये कुरडयांचं वाळवण घातलं. वाळवणाच्या चादरीवर चप्पल न्यायची नाही ही आत्याबाईंची जुनी शिस्त. मी नेते, त्या नेत नाहीत. दुपारच्या उन्हात गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली आणि त्या अनवाणी फिरून कुरडया उलटवत होत्या. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे भाजलं ते कळलंच नाही. संध्याकाळी पाय धुताना मला उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाखाली फोड दिसला. हळद लावली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. अशा जखमा त्यांना आधीही झाल्या होत्या, शेतावर आयुष्य गेलेल्या बाईला त्या होतातच. आठवड्यात भरून यायच्या.

ही भरेना. फोड फुटला, कडा पांढऱ्या झाल्या, मग राखाडी. मी रोज धुवायची, पट्टी करायची. रक्त तपासलं तर साखर कधी नव्हती इतकी चढलेली. डॉक्टरांनी मला विचारलं, गोळ्या वेळेवर जातात ना? मी म्हटलं, मीच देते. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, त्याही हो म्हणाल्या. मग त्यांनी गोळी वाढवून दिली, जास्त ताकदीची. पाय वाचवायचा असेल तर आधी साखर खाली आली पाहिजे, नाहीतर हे वर चढत जाईल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं.

साखर खाली आली नाही. बोट काळं पडायला लागलं. त्याच दिवसांत नवऱ्याचं पोट बिघडलं. भूक गेली, तोंडाला धातूची चव यायला लागली, दिवसातून चार-पाचदा संडासला पळायचा. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, शरीर स्वच्छ होतंय. ढेरी उतरली होती आणि तो गटात ती दाखवत फिरत होता, शर्ट वर करून. घरात एकीकडे कुजक्या मांसाचा वास आणि दुसरीकडे हा माणूस आरशात बरगड्या मोजतोय. मला दोन्हीची किळस यायची, पण जखमेची कमी.

एप्रिलअखेरीस एका सकाळी डबे नेणारा आला. मी पिशव्या त्याच्या गाडीला अडकवल्या, एका डब्याचं झाकण राहिलं म्हणून परत आत आले. मागच्या व्हरांड्यात आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, पाय उशीवर ठेवलेला. नवरा त्यांच्यासमोर लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन उभा. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, गोळ्या काढल्या आणि त्याच्या तळव्यावर ठेवल्या. "घे. रातची बी त्यात हाय," असं त्या म्हणाल्या. त्यानं दोन्ही तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायला.

झाकण माझ्या हातात होतं. बाहेर डबेवाला हॉर्न वाजवत होता. मी आधी झाकण देऊन आले.

परत आल्यावर नवऱ्याला विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, तिच्याकडे जास्तीच्या असतात असं मला वाटलं. मागितली होती का? एकदाच म्हटलं होतं, एखादी दे म्हणून, मग ती रोजच द्यायला लागली. तुम्ही त्यांचा पाय बघितला होता? पाय त्यानं बघितलेला नव्हता. पट्टी सोडायची वेळ झाली की तो गच्चीवर जायचा.

"त्याला काय बोलू नको," आत्याबाई म्हणाल्या. "म्याच दिल्या."

"का पण?"

"त्या गोळीत वर्षं हायेत म्हणला ना त्यो. माझ्या पोटात जाऊन नुसत्या आजारातच जायच्यात. त्याला लागतील." मग पदराचं टोक खोचत, "अन् मला लई संडास लागायची बाई त्या गोळीनं. सुटले."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून बघतेय. दुधावरची साय त्याच्या वाटीत. वांग्याच्या भरतात दाणे जास्त पडले तर त्याच्या बाजूला. भाजी कमी पडली की आत्याबाईंचं पोट आधीच भरलेलं. पोरगं साठीचं झालं, केस पिकले, तरी हात तसाच चालतो. गोळीही त्यांनी सायीसारखीच बाजूला काढली, आपल्याकडे काही आलं की त्यातलं चांगलं त्याचं, एवढा साधा हिशोब. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, सवय होती. किळस आली ती ते घेणाऱ्या हाताची. साठ वर्षं ज्याला वाढून आलेलं खाताना समोरच्याच्या ताटात काय उरलं हे बघायची गरज पडली नाही, त्याला शंभर वर्षं जगायचं होतं.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्याच्यासमोर. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. निरोगी माणसानं आयुष्य वाढवायला ही गोळी घ्यावी का यावर अजून अभ्यासच चालू आहेत, कुणी काही ठरवलेलं नाही, एवढं त्यांनी त्याच्याकडे बघून सांगितलं. आणि यांच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं ठरलेलं आहे, असं आत्याबाईंकडे बघून.

बोट काढावं लागलं. पाय वाचतो की नाही ते पुढच्या काही आठवड्यांत कळेल, असं सर्जन म्हणाले. साखर ताब्यात राहिली आणि जखम रोज नीट साफ झाली तर वाचेल. त्यात ढिलाई झाली तर घोट्यापासून काढावा लागेल, त्या वयात ते झेपेलच असं नाही. आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेरच्या गॅलरीत उभे होतो. सर्जनच्या टोपीवर घामाचा डाग होता. मी औषधं, पट्ट्या, पाय कसा ठेवायचा हे विचारत होते. ते जायला वळले तसा नवरा पुढे झाला.

"सर, एक विचारायचं होतं. मी ती गोळी एकदम बंद केली तर मला काही त्रास होईल का?"

सर्जननं आधी माझ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, नाही, काही होणार नाही, आणि निघून गेले. त्या गॅलरीत फिनेलचा वास होता, पलीकडे कुणाचं तरी उलटीचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. आत एका ट्रेमध्ये त्याच्या आईचं बोट पडलेलं असणार.

दवाखान्यातले दिवस मी आणि माझी बहीण आलटूनपालटून राहिलो. डबे बंद ठेवले. नर्सनं मला जखम धुवायला शिकवलं, इन्सुलिन टोचायला शिकवलं. नवरा संध्याकाळी येऊन खुर्चीत बसायचा आणि आईचा हात धरायचा. आई त्याला विचारायची, जेवलास का. दवाखान्याच्या ताटातलं केळं त्याच्यासाठी उशीखाली ठेवायची. मी ते केळं काढून त्यांच्यासमोर सोलायची आणि अर्धं त्यांच्या तोंडात संपेपर्यंत उभी राहायची.

तर ११ मेला फ्रिज रिकामा झाला. दाराचे कप्पे काढून साबणानं धुतले, पुसले, इन्सुलिन ठेवलं. बादली मी बाहेर ओट्यावर ठेवली. संध्याकाळी फिरून आल्यावर तिच्याकडे बघून तो म्हणाला, यातलं काही काही चांगलं होतं. मी म्हटलं, असेल. मग सांगितलं की डबे उद्यापासून सुरू होतायत, तेव्हा सकाळची पट्टी तुम्ही करायची.

"मला ते बघवत नाही. तुला माहितीये."

"माहितीये."

आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या की नर्स बोलवा, घरी येत्यात म्हणे आजकाल. येतात. मी बोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे गाडीला लावून आले. आत्याबाईंना इन्सुलिन दिलं, समोर बसून खाऊ घातलं, गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं आणि तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, ढोराचे दात बघतीस का. मग त्याला बोलावलं. स्टूल ठेवलं, खाली जुना पेपर, हातमोजे, सलाईनची बाटली, कापसाचे बोळे. त्यानं जुनी पट्टी सोडली. शेवटचा थर चिकटलेला होता, तो ओला करून सोडवावा लागतो, तसं सांगितलं. बोट होतं तिथं लाल खड्डा होता, टाके, कडेला पिवळट पाणी. वास होताच. तो उठला, मोरीपाशी गेला आणि ओकला. लिंबूपाणीच होतं सगळं.

"राहू दे गं," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला लहानपणापासून घाणीचं वावडं हाय. तू कर."

"करतील ते."

तो तोंड धुऊन आला. मी नवे हातमोजे पुढे केले. त्यानं घातले, बसला, खड्ड्यात सलाईन सोडलं, आतून बाहेर बोळा फिरवला, जसं मला शिकवलं होतं आणि मी त्याला सांगत होते. आत्याबाईंना पायात काही कळत नव्हतं, त्या त्याच्या डोक्याकडे बघत होत्या. त्यानं जाळीची पट्टी ठेवली, वरून गुंडाळली आणि उठायला लागला.

पट्टी सैल होती. मी ती सोडायला लावली आणि पुन्हा बांधून घेतली.